टक्क्यापुढचा मजकूर

सुखदाताई मोघ्यांच्या पत्राला मी दहा महिने उत्तर दिलं नाही. विसरलो असतो तर एक वेळ ठीक होतं. पण मी ते रोज आठवलं. सकाळचा चहा पिताना आठवलं, भाजी निवडताना आठवलं, बँकेत नंबर येण्याची वाट बघताना आठवलं. आठवण्यात मी एका दिवसाचाही खंड पडू दिला नाही. उत्तर लिहायचं तेवढं राहून गेलं.

पत्र मझौलीहून आलं होतं, संक्रांतीच्या आठवड्यात. आंतर्देशीय पत्र, निळी शाई, आणि ओळी इतक्या सरळ की खाली पट्टी धरून लिहिल्यासारख्या. मजकूर असा होता:

'आपण मंडळाची नवी परिचय-पुस्तिका करीत आहात असे कळले. मागच्या पुस्तिकेत मी माझ्या यजमानांच्या नावाखाली "व पत्नी" एवढीच होते. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली. या वेळी माझ्या स्वतःच्या नावाने दोन ओळी घालता येतील का? मजकूर मागच्या बाजूस लिहिला आहे. येत नसल्यास तसे कळवावे, म्हणजे मी वाट पाहणार नाही.'

या शेवटच्या वाक्यानं माझी पंचाईत केली. 'होय' लिहायला मला अधिकार नव्हता आणि 'नाही' लिहायला हात धजेना. आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळाचा नियम स्पष्ट होता: एक कुटुंब, एक नोंद, तीही कुटुंबप्रमुखाच्या नावानं, आणि या खेपेपासून राहणार जबलपूरचा. तो बदलायचा तर सभेत उठून बोलायला हवं. मी बावीस वर्षं मंडळाचा सभासद आहे आणि बावीस वर्षं शेवटच्या रांगेत, चपलांच्या जवळच्या खुर्चीवर बसत आलो आहे. एकदाच बोललो होतो. 'पंखा बंद करता का,' असं. तेही शेजारच्याला. आणि पंखा चालूच राहिला.

तेव्हा असं ठरवलं की आधी पुस्तिका तयार करू, मग योग्य वेळ बघून विचारू, मग उत्तर लिहू. योग्य वेळ ही चीज मी आयुष्यभर बघत आलो आहे. अजून दिसायची आहे.

आता पुस्तिकेचं काम माझ्याकडे कसं आलं? मंडळाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. अध्यक्ष शालिग्राम घाटोळे म्हणाले, "श्रीकांतराव कॉलेजात लायब्ररियन होते. पुस्तकाचं काम त्यांनाच देऊन टाका." मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर टाळ्या झाल्या. मी चौतीस वर्षं पुस्तकं रॅकवर लावली, त्यांच्या पाठीवर नंबर चिकटवले. पुस्तक तयार करणं हे त्याहून वेगळं काम आहे हे टाळ्यांमध्ये सांगणार कसं?

घरी आलो तर सौ. म्हणाली, "काहून तोंड पाडून बसले?"

"मंडळाची पुस्तिका माझ्याकडे आली."

"मग चांगलंच आहे ना. नाही तरी दिवसभर काय करून राहिले तुम्ही?"

मनीषाचा हा प्रश्न मी निवृत्त झाल्यापासून दर आठवड्याला ऐकतो. उत्तर अजून सापडलेलं नाही. सापडलं की तेही लिहून कळवीन.

शेजारी अनिमेषदा राहतात. गणिताचे निवृत्त प्राध्यापक, मूळचे बंगाली, तीन पिढ्यांपासून जबलपूरचे. आमच्यात भिंत सामाईक आहे आणि भिंतीवरून येणारा सल्लाही. मी संगणकावर पहिलं नाव टाइप केलं त्याच दिवशी ते कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"दादा, किताब बना रहे हो? वर्ड में मत बनाना."

"काहून?" मी विचारलं. अनिमेषदांना मराठी कळतं, बोलत मात्र नाहीत.

"एक नाम खिसकेगा, तो पूरी किताब खिसकेगी. लेटेक में बनाओ. हमने बीस साल पेपर उसी में सेट किए."

लेटेक ही अक्षरजुळणीची एक पद्धत आहे. आपण साधा मजकूर लिहायचा, मध्ये मध्ये आज्ञा द्यायच्या, आणि मग ती स्वतः पान लावून देते. पान कसं दिसेल हे लिहिताना दिसत नाही. विश्वासावर चालावं लागतं. माझ्यासारख्या माणसाला, ज्याचा स्वतःच्या सहीवरही पूर्ण विश्वास नाही, त्याला हे अवघडच. पण अनिमेषदांनी मला त्यातली एक गोष्ट दाखवली आणि मी विरघळलो.

ती गोष्ट म्हणजे वर्णन-यादी. डावीकडे ठळक अक्षरांत नाव, उजवीकडे त्याचं वर्णन. वर्णनाची दुसरी ओळ नावाखाली घुसत नाही. शहाण्यासारखी वर्णनाखालीच सुरू होते. शब्दकोशात असतं तसं. प्रत्येक नोंदीला एकच आज्ञा, तिच्यापुढे चौकोनी कंसात नाव, आणि पुढे मजकूर. मी आयुष्यभर कॅटलॉगची कार्डं लिहिलेला माणूस. मला वाटलं, हे यंत्र माझ्यासाठीच कोणीतरी घडवलं असावं.

"और एक चीज," अनिमेषदा म्हणाले, "कहीं अपने लिए कुछ नोट करना हो, तो लाइन के आगे टक्क्याचं चिन्ह," हे दोन शब्द त्यांनी माझ्यासाठी मराठीत म्हटले, "लगा दो. उसके बाद मशीन अंधी हो जाती है. कुछ नहीं छापेगी."

हे मला फारच आवडलं. लायब्ररीत आम्ही कार्डाच्या मागे पेन्सिलीनं खुणा करत असू: 'हे पुस्तक पाहुण्यांना देऊ नये', 'पान ४३ वर चहाचा डाग, प्रा. अमुक'. तशीच सोय इथेही. मग मी प्रत्येक नोंदीखाली टक्का देऊन माझ्या पेन्सिलीच्या खुणा लिहू लागलो. कोण फोनवर काय म्हणालं, कोणती तारीख संशयास्पद आहे, वगैरे. खासगी. यंत्र आंधळं, आणि फाइल उघडून बघणारं दुसरं कोणी नाही.

सुखदाताईंची नोंदही मी केली. 'मोकाशी'नंतर 'मोघे', अक्षरक्रमानं, जिथे यायला हवी तिथे. पण नियम होता. म्हणून त्यांच्या सगळ्या मजकुराच्या आधी टक्का लावून टाकला. नोंद होतीही आणि नव्हतीही. माझ्या एकंदर स्वभावाला हे फार जुळणारं होतं.

दीडशे कुटुंबांची माहिती आली. ती वाचताना मला आपल्या समाजाच्या इतिहासाबद्दल एक नवी गोष्ट कळली. यातल्या निम्म्या घरांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, आणि त्यातला प्रत्येक जण सरदार होता. शिपाई एकही नव्हता. घोडे कोण धूत होतं कोण जाणे.

पहिली अडचण आली ती नावांच्या रकान्याची. यादी नीट दिसायची तर सगळ्यांची वर्णनं एका रेषेत सुरू व्हायला हवीत. त्यासाठी रकाना सगळ्यात लांब नावाएवढा रुंद ठेवावा लागतो. सगळ्यात लांब नाव अध्यक्षांचं होतं. त्यांनी नावाच्या जागी लिहून दिलं होतं: 'श्री. शालिग्राम विश्वंभर घाटोळे, एम. ए. (राज्यशास्त्र), साहित्यरत्न, सेवानिवृत्त सहायक संचालक.' हे एका ओळीत ठळक अक्षरांत मांडल्यावर पानाची पाऊण रुंदी संपली. उरलेल्या पाव रुंदीत दीडशे कुटुंबांचे इतिहास उभे राहिले, एका ओळीत दोन शब्द, पाण्याच्या नळासारखे. ऐंशी पानांची पुस्तिका दोनशे बारा पानांची झाली.

नमुन्याची पानं मी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. तासाभरात ओकांचा फोन.

"श्रीकांतराव, माझं नाव 'उपेंद्र ओक'. त्याच्यापुढे एवढी मोठी जागा कोरी काहून सोडली?"

"ती रकान्याची जागा आहे हो."

"लोकांना वाटेल, इथं काहीतरी होतं आणि मी खोडायला लावलं."

मी अनिमेषदांकडे धावलो. त्यांनी तोडगा सांगितला: रकाना बेताचा ठेवायचा, ज्याचं नाव त्यात मावणार नाही, त्याचं वर्णन खालच्या ओळीवर उतरवायचं. एका शब्दाची आज्ञा. पुस्तिका पुन्हा ऐंशी पानांवर आली. मी त्या दिवशी संध्याकाळी दोनदा चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन.

"सगळ्यांची माहिती नावाच्या बरोबरीनं. माझीच खाली ढकलली. हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी खोटं बोलत नाही. जमत नाही म्हणून. पण घाबरलो की माझ्या तोंडून काहीही निघतं. म्हणालो, "नाही नाही, ते खास व्यक्तींसाठी आहे. नावाला पूर्ण ओळ."

"अच्छा," अध्यक्ष म्हणाले. आवाजात गूळ मिसळला होता. "मग ठीक आहे."

हे त्यांनी आपल्यापुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते चिटणिसांना सांगितलं. चिटणिसांनी इतरांना. चार दिवसांत माझ्याकडे अठ्ठेचाळीस दुरुस्त्या आल्या आणि त्या सगळ्या नाव लांब करण्याच्या होत्या. ओकांनी आजोबांचं नाव, मूळ गाव आणि 'योगप्रेमी' हे विशेषण नावात घातलं. एका गृहस्थांनी रक्तगट घातला. काहींनी नावातच चौकोनी कंस करून त्यात 'माजी उपाध्यक्ष' असं लिहिलं. पण यंत्राच्या हिशेबानं पहिला बंद कंस आला की नाव संपतं. त्यामुळे त्यांचं नाव 'माजी उपाध्यक्ष' इथे संपून उरलेला कंस वर्णनाच्या सुरुवातीला एकटाच लटकत राहिला. त्यांनी विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, बघतो. माझ्या आयुष्यात हा शब्द मी जितका वापरला तितका दुसरा कुठलाही वापरला नसेल.

"तुम्ही त्या बाईंना उत्तर दिलं का?" मनीषानं मध्येच विचारलं.

"एकदा हे मिटलं की देतो."

"हे मिटून नाही राहिलं. हे वाढून राहिलं."

तिचं म्हणणं बरोबर होतं. कारण त्यानंतर चिटणीस नीलकंठ डोंगरे स्वतः घरी आले. फोन न करता आले, म्हणजे प्रकरण गंभीर. हातात पूर्ण पुस्तिकेची पहिली छापील प्रत. मी ती छापखान्यातून आणवून त्यांच्याकडे तपासायला पाठवली होती, कारण स्वतःच्या तपासण्यावर माझा भरवसा नव्हता.

"हे वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं. डोंगरे, नीलकंठ गजानन असं ठळक नाव, आणि पुढे: 'मॅट्रिकला ८२'. बस. मग पुढच्या माणसाचं नाव.

"माझी बाकीची जिंदगी कुठं आहे?"

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. जिंदगी नव्हतीच.

"सत्तेचाळीस ओळी दिल्या होत्या मी. रेल्वेतली अडतीस वर्षं, दोन प्रमोशनं, भेडाघाटच्या शिबिरात केलेलं भाषण. आणि छापलं काय? मॅट्रिकला ब्याऐंशी! शेजारचे पाटणकर मला विचारून राहिले, 'मॅट्रिक झाले तेव्हा वय ब्याऐंशी होतं का?'"

मनीषा स्वयंपाकघरात होती. तिथून भांडं पडल्याचा आवाज आला आणि त्यामागे खोकल्याचा. तो खोकला नव्हता हे मला लग्नाच्या अनुभवानं कळलं. नीलकंठरावांना कळलं नसावं अशी आशा आहे.

"हे शालिग्रामजींनी करवलं," ते म्हणाले. "पुढच्या निवडणुकीत मी उभा राहतोय म्हणून."

मी शपथ घेतली की असं काही नाही. ते गेले. मग मी पेन्सिल घेऊन सगळी पुस्तिका चाळली. अशी तेवीस आयुष्यं होती. 'बी. ए. ला ५८', 'इंटरला ७१', 'सहावीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत ९०'. प्रत्येक माणूस टक्क्यांपाशी येऊन थांबला होता. नोकरी नाही, लग्न नाही, मुलं नाहीत. आमच्या समाजात माणूस सासऱ्याचं नाव विसरेल, पण मॅट्रिकचे टक्के विसरणार नाही. आणि ते तो आकड्यापुढे चिन्ह काढूनच लिहितो. त्या चिन्हापाशी यंत्र आंधळं होत होतं. ज्यांना तिसरा वर्ग मिळाला होता आणि ज्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, त्यांची आयुष्यं मात्र पूर्ण, सुवाच्य, शेवटच्या नातवापर्यंत छापून आली होती.

अनिमेषदा मुलीकडे कोलकात्याला गेले होते. सभा रविवारी होती, आणि त्या सभेत पस्तीस प्रती वाटायच्या होत्या, मंजुरीसाठी. शुक्रवार उजाडला. मी विचार केला. मी विचार करतो तेव्हा जवळच्यांनी सावध व्हायला हवं, पण मनीषा भाजी आणायला गेली होती.

विचार असा: चिन्हामुळे घोटाळा होतो ना? मग चिन्हच नको. जिथे जिथे चिन्ह आहे तिथे 'टक्के' असा शब्द घालू. संगणकात 'शोधा आणि बदला' अशी सोय असते, एका फटक्यात सगळीकडे. मी फटका मारला. पडद्यावर आलं: तीनशे अकरा ठिकाणी बदल केले.

तेवीस आयुष्यांत तीनशे अकरा टक्के कुठून आले, हा प्रश्न त्याच क्षणी पडायला हवा होता. मला वाटलं, लोकांना प्रत्येक परीक्षेचे टक्के आठवत असतील. मी नीलकंठरावांचं पान उघडून वरच्या तीन-चार ओळी पाहिल्या. 'मॅट्रिकला ८२ टक्के, तहसिलीत पहिला', पुढे रेल्वे सुरू. वा! पुस्तिका चौदा पानांनी वाढली होती. म्हटलं, तेवीस माणसं परत आली आहेत, जागा लागणारच. फाइल छापखान्याला पाठवून दिली.

रविवारी साडेदहाला मंडळाच्या हॉलमध्ये सभा. पोहे होते, वर शेव, आणि चहा. मी माझ्या जागेवर, चपलांच्या जवळ. मनीषा बायकांच्या बाजूला. प्रती वाटल्या गेल्या. मला मिळाली नाही, कमी पडल्या. लेखकाला प्रत न मिळणं मला अगदी स्वाभाविक वाटलं.

सगळ्यांनी आधी स्वतःचं पान उघडलं. ही माणसाची रीत आहे. दोन मिनिटं नुसती पानांची सळसळ. मग पुढच्या रांगेतून अध्यक्षांचा आवाज आला, हळू, एकेक शब्द तपासत:

"'टक्के साहित्यरत्न केव्हा झाले असे विचारले असता विषय बदलतात.' हे काय आहे?"

माझ्या हातातला पोह्यांचा चमचा हवेत थांबला.

"'टक्के ८२ चा आकडा आतापर्यंत चार वेळा सांगितला. धाकट्या बंधूंना ८५ होते असे बंधू म्हणतात,'" नीलकंठरावांनी वाचलं. त्यांचे बंधू दुसऱ्या रांगेत बसले होते. ते एकदम पंख्याकडे बघू लागले.

"'टक्के पूर्वज सरदार. आणखी एक!'" हे मागून कोणीतरी.

"आमच्यातही आहे! 'आणखी एक'!"

"'टक्के शर्मिलाताईंचा फोन जेवणाच्या वेळी घेऊ नये,'" शर्मिला पिंपळखरे म्हणाल्या. त्या मंडळाच्या महिला प्रतिनिधी आहेत आणि त्यांचा आवाज माइकशिवाय गेटपर्यंत जातो. "माझा फोन? श्रीकांतभाऊ?"

आता मला कळलं. तीनशे अकरापैकी दोनशे ऐंशीच्या वर टक्के माझे होते. कार्डामागच्या माझ्या सगळ्या पेन्सिलीच्या खुणा, पुढच्या बाजूला, सुबक रेषेत, वर्णनाखाली वर्णन. यंत्रानं काही हातचं राखलं नव्हतं. मी डोळे मिटले. चपला जवळच होत्या. माझ्या कोणत्या हे डोळे मिटूनही ओळखता आलं असतं.

मग झालं असं की लोकांचं स्वतःचं वाचून संपलं आणि ते दुसऱ्याचं वाचू लागले. हॉलचा आवाज बदलला. एकेका कोपऱ्यातून हसण्याचे फवारे येऊ लागले. मनीषानं आमचं पान काढलं. "'टक्के सौ.ला विचारूनच छापावे,'" तिनं मोठ्यानं वाचलं. "'सौ. म्हणते तेच दर वेळी बरोबर असते असे नाही, पण वाद नको.' अच्छा! घरी चला तुम्ही."

यानंतर मंडळातला एकही माणूस माझ्याहून जास्त दुखावलेला उरला नसेल, असं मला वाटतं. पण तेवढ्यात शर्मिलाताईंचा आवाज पुन्हा आला आणि या वेळी तो वेगळा होता.

"हे मोकाश्यांच्या खाली कोण आहे? 'मोघे, सुखदा'."

शर्मिलाताईंनी पान जवळ धरलं. त्यांनी वाचलं.

"'मझौलीच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवले. पहिल्या वर्षी वर्गात सात मुली होत्या. शेवटच्या वर्षी एकोणपन्नास. त्या वर्षीचा निकाल ९४ टक्के. राहिलेल्या तिघींना सुट्टीत माझ्या घरी बसवून शिकवले. तिघी पुढच्या खेपेस पास झाल्या.'" त्यांनी बोट खालच्या ओळीवर नेलं. "आणि खाली आहे: 'टक्के हा मजकूर त्यांचाच. नियमात बसत नाही. विचारायचा धीर झालेला नाही. पत्राचे उत्तर राहिले. रोज आठवते.'"

मला आठवतं, कोणीतरी कपबशी खाली ठेवली तिचा आवाज झाला.

"नियमात बसत नाहीच," अध्यक्ष म्हणाले. "कुटुंबप्रमुखाचीच नोंद. आणि राहणार जबलपूरचा. मझौली बाहेर आहे. ही नोंद काढा, आणि हे बाकीचं जे काही आहे तेही काढा. सगळंच."

मी उभा राहिलो.

मी उभा राहायचं ठरवलं नव्हतं. गुडघ्यांनी परस्पर ठरवलं. हातात पोह्यांची बशी तशीच, आणि उभं राहताना ती वाकडी झाली, म्हणून शेव ओकांच्या खांद्यावर सांडली. पस्तीस माना माझ्याकडे वळल्या. बावीस वर्षांत मी त्या फक्त मागून पाहिल्या होत्या. चेहरे समोर असले की माणसं जास्त दिसतात.

"मी काढतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच पाहुण्यासारखा वाटला. "टक्क्यापुढचं सगळं काढतो. मी लिहायला नको होतं. छापायला तर नकोच होतं. सगळ्यांची माफी मागतो. ओक, तुमचीही, शेवेबद्दल. पण ती एक नोंद मी नाही काढणार. त्या एकट्या राहतात. घरात दुसरं कोणी नाही. मग त्या घराचा प्रमुख कोण? मागच्या पुस्तिकेत त्या 'व पत्नी' होत्या. ज्यांच्या पत्नी होत्या ते गेले. आता 'व' लिहून पुढे काय लिहू? ती काढायची असेल तर... दुसरा माणूस बघा."

एवढं बोलून मी बसलो. खुर्ची थोडी मागे सरकली होती. पण ती होती, हे त्या दिवसाचं एकमेव सुदैव.

"आणि राहणार जबलपूरचा म्हणता," शर्मिलाताई अध्यक्षांना म्हणाल्या, "तर तुमचे थोरले चिरंजीव कॅनडात आहेत, ते पान बारावर काय करून राहिले?"

अध्यक्षांनी पान बारा उघडलं. मिटलं. मग आपलं पान उघडलं, तिथली साहित्यरत्नाची ओळ पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं हे सगळ्या हॉलला दिसत होतं.

"चलो," ते म्हणाले. "ती राहू द्या. पण माझी ओळ आज संध्याकाळपर्यंत गेली पाहिजे."

"आणि बंधूंची," नीलकंठराव म्हणाले.

ठराव मंजूर झाला. मागून एका आजीबाईंनी विचारलं, "मग माझीही वेगळी देता येईल का हो? मी तीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला." त्यांच्या मागून आणखी चार हात वर झाले. पुस्तिका आता किती पानांची होईल हे मला ठाऊक नाही. विचारलं नाही.

घरी येताना मनीषा माझ्यापुढे चार पावलं चालली. दार उघडल्यावर म्हणाली, "आता पडून राहू नका. कागद घ्या."

मी कागद घेतला. पहिल्या मसुद्यात दहा महिन्यांच्या उशिराची कारणं लिहिली. तीन पानं झाली. मनीषानं वाचून म्हटलं, "यांना माफी पाहिजे की गणिताचा पेपर?" दुसऱ्यात कारणं गाळली, तर नुसती माफीच दीड पान. तिसरा, चौथा. कोलकात्याहून अनिमेषदांचा फोन आला. मी त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले, मग म्हणाले, "अरे दादा, चिन्ह के पहले बस एक उलटी तिरछी लकीर लगानी थी. मशीन फिर देखने लगती है." एक रेघ! तेवीस आयुष्यांसाठी प्रत्येकी एक तिरकी रेघ.

मी फाइल उघडली आणि सगळ्या खुणा एकेक करून, डोळ्यांनी बघून, पुसल्या. दोन दिवस लागले. सुखदाताईंनी पत्रात '९४%' असं चिन्हानंच लिहिलं होतं. गणिताच्या बाई, शब्द कशाला लिहितील? तिथे मी चिन्ह परत घातलं, आधी तिरकी रेघ ओढून. मग ते पान छापलं आणि ९४ च्या पुढचं सगळं आलं आहे ना, तिन्ही मुली पास झाल्या आहेत ना, हे चार वेळा वाचलं. झाल्या होत्या.

पत्र शेवटी एवढंच झालं:

'सौ... ' हे खोडलं. पुन्हा नवा कागद.

'श्रीमती सुखदाताईंस सा. न. वि. वि. आपल्या नावाची नोंद पुस्तिकेत घेतली आहे. पान सोबत जोडले आहे. काही चुकले असल्यास कळवावे, दुरुस्त करता येईल. उत्तरास दहा महिने उशीर झाला, त्यास कारण काहीच नाही. आपला, श्रीकांत.'

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत मनीषा बरोबर आली. मी परत घेऊन येईन अशी तिला शंका होती आणि ती निराधार नव्हती. मी पाकीट फटीत अर्धं घातलं. मग पिन कोड पुन्हा पाहायला बाहेर काढलं. तिकीट नीट चिकटलं आहे का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं. पुन्हा अर्धं घातलं.

"'कारण काहीच नाही' हे उद्धट तर नाही ना वाटत?" मी विचारलं.

"टाका आता."

"आणि मागे माझा पत्ता लिहायचा राहिला."

"त्यांच्याकडं आहे तुमचा पत्ता," मनीषा म्हणाली. "त्यांनी नाही का पत्र टाकलं होतं?"

मी पाकीट सोडलं. आत पडल्याचा आवाज आला नाही. मी पेटीवर दोनदा टकटक केली, तेव्हा आला.